मागचं दांडकं
रबर जळल्याचा वास आला की मला एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावरचा तो रविवार आठवतो. थोरल्या दिरांनी कंपनीतून आल्यावर रोज थोडी थोडी जोडत रिमोटची शर्यतीची गाडी बनवली होती, आणि समोर इंदापूरची गाडी होती. माझे मालक, म्हणजे दिरांचे धाकटे भाऊ, पार शेवटच्या रेषेपाशी उभे होते. दिरांनी चाकं जागेवरच गरागरा फिरवून तापवली, त्याला ते बर्नआउट म्हणतात. मग गाडी रेषेला लावली, ते स्टेजिंग. तेवढ्यात मला दिसलं, गाडी मागं उलटू नये म्हणून लावलेली बारीक चाकांची दांडी एका बाजूनं निखळली होती. आमच्यात थोरल्या दिरांशी बोलत नाहीत, म्हणून मी जाऊबाईंना हळूच म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा की, मागचं दांडकं सुटलंय." त्या हसल्या, "गप गं, तुला काय कळतंय त्यातलं!" मी नुसती चडफडत राहिले. हिरवा दिवा लागला, गाडी पुढून उठली आणि पाठीवर आपटून फुटली. "व्हीली बार सुटला व्हता! एवढ्या माणसांत एकालाबी दिसला न्हाय?" दीर ओरडले. आता मला तो शब्द येतो. पण तेव्हा आला असता, तरी मी तो कुणाला सांगितला असता?