मनोहरचं बंद दुकान

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीच्या एका चकचकीत सलूनमध्ये अर्ध्या गालाला फेस लावून बसलो होतो. उभा जन्म माझी दाढी करणारा आमच्या गावचा न्हावी, माझा वर्गमित्र, दवाखान्यात. आणि मी परक्याच्या खुर्चीत! त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, "काय बे, चार दिवस दम नाही निघाला?" फेस पुसून तसाच निघालो...

करोनाची लस आली तेव्हा मी सरपंच होतो. जरा जास्तच सरपंच होतो. 'लस नाही, तर दुकान नाही' असा हुकूम मी भोंग्यावरून सोडला, आणि पहिला अडकला मनोहरच. तो शांतपणे घरी आला. "सुई घ्याची का नाही थे मी ठरवीन, आंग माह्यं हाये. दुकानाचं तू ठरव. लोकाईच्या गालाले हात लावतो मी."

"मंग घेऊन टाक ना बे!"

"धमकी देऊन राह्यला तोवर नाही."

अन् त्यानं स्वतःच दुकानाला कुलूप घातलं. मी घरीच दाढी करायला गेलो आणि अर्धी मिशी उडवून बसलो. त्या ग्रामसभेत मास्कचं महत्त्व मी जितक्या तळमळीनं सांगितलं, तितकं कधीच सांगितलं नसेल.

हाल झाले ते बाबूजींचे. लकव्यानं माझ्या वडिलांची वाचा गेलेली, आणि मनोहरशिवाय कोणाला ते गालाला हात लावू देत नसत. वाढलेली दाढी खाजवून रक्त काढू लागले. शेवटी भोंगा बंद करून मी मनोहरच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, "हुकूम नाही, तुही मर्जी. पण सुईबिगर बाबूजीजवळ येऊ देणार नाही, थे माह्यी मर्जी."

त्यानं विचारलं, "ताप येते म्हनते?"

"मले आलता. रडलो मी."

"तू त काटा रुतला तरी रडतं."

दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायानं आरोग्य उपकेंद्रात गेला. माझा हुकूम चुकला होता का, हे मला अजून सांगता येत नाही. भोंग्याच्या धाकानं काही जण गेलेही असतील. मनोहर मात्र भोंगा थांबल्यावर गेला.

त्यालाही वर्षं लोटली. मनोहर गेल्यापासून बाबूजींची दाढी माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी वस्तरा नेताच त्यांनी तोंड फिरवलं. मी पाणी कोमट आहे का पाहिलं, धार पाहिली... शेवटी बायको म्हणाली, "मनोहरभाऊजी दरखेपी इचारत, 'बाबूजी, लावू काय?' 'हो' म्हनून मान हालली का मंगच वस्तरा."

मी विचारलं. बाबूजींनी नकारार्थी मान हलवली. मी वस्तरा मिटून ठेवला.

आता रोज विचारतो. एखाद्या दिवशी हो म्हणतात.