सर्व्हर बसला, मेळावा उभा राहिला

वधू-वर मेळावा सुरू झाला आणि ॲप बंद पडलं. धायरीचं मंगल कार्यालय भरलेलं. उपवर मुलं-मुली, त्यांचे आईवडील, सगळे आपापल्या फोनवर गोल फिरणारं चाक बघत बसलेले.

मी क्लाउड इंजिनिअर. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. विवाह मंडळ चालवणाऱ्या साधनाताई माझ्या क्लायंट. एकाच कंपनीच्या जिवावर राहायचं नाही, ही त्यांची अट. म्हणून मुख्य सर्व्हर एका बड्या परदेशी कंपनीकडे आणि बॅकअप बाणेरच्या छोट्या कंपनीकडे. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं.

दुसराही पडला होता. मी बाणेरला फोन लावला.

"सर, आमचे सर्व्हर त्यांच्याकडूनच भाड्याने घेतलेत," तिथला माणूस म्हणाला.

"त्यांच्याकडून म्हणजे?"

"तुमचा पहिला जिथे आहे, तिथूनच."

"मग त्यांच्याकडे तक्रार करा."

"केली असती. पण तक्रारीची वेबसाइटही तिथेच आहे."

मी साधनाताईंना सांगितलं.

"म्हणजे दोघं सगोत्र निघाले," त्या म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे हे आधी बघतात."

"तिसरी कंपनी बघू का?"

"बघा. ती यांचीच मावशी निघेल."

त्यांनी माईक घेतला. "ॲप बंद आहे. कधी सुरू होईल, हे या साहेबांना माहीत नाही. तोंडं सुरू असतील तर ती वापरा. उभं राहून स्वतःची माहिती सांगा. पगार सोडून."

सगळ्यांनी आधी पुन्हा एकदा फोन बघितला. मग हिंजवडीत नोकरी करणारा नागपूरचा एक मुलगा उठला. "मला स्वयंपाक येतो. पण तिखट."

"किती तिखट?" मागून एका मुलीने विचारलं.

"तू बस," तिचे वडील म्हणाले. ती बसली नाही. पुढे गेली.

मग एकेक जण उठायला लागला. माईकसाठी रांग लागली. संध्याकाळी ॲप सुरू झालं, तेव्हा त्याकडे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. तो तिखटवाला मुलगा आणि ती पुढे गेलेली मुलगी, या जोडीला ॲपने 'अजिबात अनुरूप नाही' म्हटलं होतं. त्यांच्या लग्नाला मी जेवून आलो.

पुढच्या मेळाव्याला साधनाताईंनी फक्त माईक ठेवला. "माईकला बॅकअप?" मी विचारलं.

"माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

तेव्हापासून बॅकअप घेताना मी कंपनीचं नाव विचारत नाही, तिचा घरमालक कोण ते विचारतो. बहुतेक वेळा तोच निघतो.