दादाकाका कुणाच्या बाजूचे होते?

दुबई मरीनातल्या आमच्या मजल्यावर एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहतात. नोव्हेंबरात ते कोटाला कागदाचं लाल फूल लावतात, युद्धात मेलेल्यांसाठी. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. मी, माझी कॉलेजात जाणारी मुलगी आणि नव्वदीला टेकलेले माझे बाबा. बोलता बोलता त्यांच्या काकांचा विषय निघाला. ते बॉम्बर विमानात गनर होते, जर्मनीवर विमान पाडलं गेलं त्यात गेले.

बाबा एकदम म्हणाले, "माझा थोरला भाऊही गनर होता. ब्रह्मदेशात गेला."

बाबांचा एक भाऊ तरुणपणी वारला, एवढंच मला माहीत होतं.

त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. कोटावरचं फूल काढून त्यांनी बाबांच्या शर्टाला लावलं. "आपल्या सगळ्यांच्या स्वातंत्र्यासाठी गेला तो," ते म्हणाले.

बाबांनी फूल काढून बशीत ठेवलं. "तेव्हा माझे वडील तुमच्या तुरुंगात होते," ते शांतपणे म्हणाले.

चहा तिथेच संपला.

घरी आल्यावर बाबा सोफ्यावर बसले आणि पहिल्यांदाच सगळं बोलले. दादाला विमानाचं वेड. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, खादीवाले, कट्टर. पोरगा न सांगता भरती झाला, तेव्हा आजोबा म्हणाले, "इंग्रजांचा गणवेश घालून या दारात यायचं नाही." तो आलाच नाही. पायलटकडे पाठ करून, बंदूक धरून बसायचं, मागून येणाऱ्या विमानांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. विमान जंगलात पडलं. दोघांपैकी कुणाचंच काही सापडलं नाही. तार आली तेव्हा आजोबा नुकतेच सुटून आले होते. त्यांनी ती वाचली आणि आंघोळीला गेले. दिवस घातले नाहीत. आजीला मोठ्यानं रडूही दिलं नाही; शेजारी काय म्हणतील?

"आणि स्वातंत्र्य मिळालं," बाबा म्हणाले, "तेव्हा शाळेत वडिलांच्या हस्ते झेंडावंदन. गळ्यात हार. मी खाली रांगेत उभा. आई घरीच राहिली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही."

मुलगी इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "बट आजोबा, विच साइड वॉज ही ऑन?"

"कुणाच्याच नाही. वीस वर्षांचा होता गं. त्याला उडायचं होतं."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे आजोबांचा फोटो होता. बाबांनी तो गावाहून स्वतः आणून लावला होता.

"तो काढ," ते मला म्हणाले.

"बाबा, अहो, ते तुमचे वडील..."

"खलास. काढ म्हटलं ना."

मी काढला आणि कपाटात ठेवला. त्या जागी दादाकाकांचा फोटो लावू या, असं मी म्हटलं. बाबा कडवट हसले. एकही फोटो उरला नव्हता. आजोबांनी सगळे बंबात घातले होते.

"चेहरा तरी आठवतो का?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "वडिलांचा मात्र अजून आठवतो."