थोरल्याचं पोट

कापड रंगवणाऱ्या त्या दोघा भावांना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. एक थोरला, दुसरा धाकटा. दोघांची डोकी पांढरी झाली, तरी धाकटा धाकटाच राहिला. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत उकळत्या रंगाच्या टाक्या आणि वर दोघांचे संसार.

थोरल्याची खोड एकच, दुखणं अंगावर काढायची. टाकीतलं ओलं कापड काठीवर घेऊन उचलायचं म्हणजे खांद्याची परीक्षा, आणि त्याचा उजवा खांदा त्या परीक्षेत केव्हाच नापास झाला होता. पण धाकट्याला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर तो म्हणाला असता, "दादा, तू आता गल्ल्यावर बस." आणि गल्ल्यावर बसणं म्हणजे थोरल्याच्या लेखी संपणं. म्हणून तो सकाळी कोऱ्या चहाबरोबर, उपाशीपोटी, दुखण्याची गोळी घ्यायचा. दुपारी खांदा कुरकुरला की आणखी एक.

मग पोटात आग पडायला लागली. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, मळमळायचं. त्यावर पाण्यात सोडा ढवळून प्यायचा. ढेकर आला की झालो बरा! सोड्यानं आग घटकाभर दबायची आणि आत जे चाललं होतं ते चालूच राहायचं. पण हे त्याला सांगणार कोण, आणि सांगितलं तरी हा बाबा ऐकणार थोडाच?

त्यातच काळ्या कापडाचं मोठं काम आलं. हात कोपरापर्यंत काळे, नखं काळी, कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या. त्यामुळे शौचाला काळी व्हायला लागली तेव्हा त्याला काही नवल वाटलं नाही. रंग पोटात गेला असणार, दुसरं काय! दुपारी जेवताना बायकोला म्हणाला, "मी आता आतूनही पक्का रंगलोय. धुतला तरी उतरायचा नाही."

ऐकल्यावर बायको काही हसली नाही.

"केव्हापासून?"

"झाले असतील चार-पाच दिवस."

"आणि मला आज सांगताय? आरशात तोंड बघितलंत का? पांढरंफटक पडलंय. काल जिन्यात मधेच बसलात."

"उन्हानं गं."

"उन्हानं माणूस काळा पडतो. उठा, डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. "नुसती काळी, की डांबरासारखी?"

"डांबरासारखीच. चिकट. वासही घाण येतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हा तुमच्या टाकीतला रंग नाही. हे रक्त आहे. पोटात पाझरलेलं रक्त खाली येईपर्यंत काळं होतं. गोळ्या कसल्या घेता?"

थोरल्यानं बायकोकडे न बघता खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. बायको एरवी ओरडली असती. आज तिला इतकी भीती वाटली की ती नुसती त्याची बाही धरून बसली.

मोठ्या दवाखान्यात भरती, मग दुर्बिणीची तपासणी. बाईंनी समजावून सांगितलं, "अन्न पचवायला पोटात आम्ल असतं. त्यापासून पोटालाच वाचवायला आतून अस्तर असतं. या गोळ्यांनी ते अस्तर सुजलंय, जागोजागी सोलवटलंय. जंतूमुळेही असं होतं, पण तुम्हाला जंतू सापडला नाही. तेव्हा या गोळ्या बंद. आम्ल कमी करणारी गोळी सकाळी खाण्याआधी. उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं खायचं. विडी असेल तर तीही सोडा. आणि पुन्हा काळी झाली, की त्याच दिवशी यायचं."

"दूध प्यालो तर?"

"प्या की. जरा बरं वाटेल, पण अस्तर त्यानं भरून येत नाही."

"आणि खांदा?"

"त्याच्यावर वेगळा इलाज करू. पण ओझं उचलायचं नाही."

रक्तापेक्षा थोरल्याला या वाक्याचा जास्त धसका बसला.

घरी आल्यावर तो मागच्या खोलीत गेला. धाकटा टाकीवर वाकला होता. थोरला दारातूनच म्हणाला, "माझा खांदा गेलाय. आज नाही, केव्हाच. गोळ्या खाऊन उचलत होतो, त्यानंच पोट सोललं. आता मला जमायचं नाही."

धाकट्यानं काठी टेकवली, स्टुलावर बसला आणि सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढून पुढे धरलं. त्याच गोळ्या. अर्ध्याअधिक संपलेल्या.

"तू कशाला?"

"कंबर. गुडघे पण."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू उचलत होतास ना, दादा. तू थकलो म्हणालास की मीही म्हणेन, असं ठरवलं होतं. तुझ्याआधी मी कसा बसू?"

थोरल्याला रडू आलं आणि धाकट्याच्या देखत ते त्याला लपवता आलं नाही. त्यानं पाकीट काढून घेतलं, टाकीखालची आग बंद केली आणि भावाला तसंच काळ्या हातांनी दवाखान्यात नेलं. आतून हाक आली तेव्हा धाकटा सवयीनं बाजूला सरकला, दादा पुढे होईल म्हणून. थोरल्यानं त्याला पाठीवर हात देऊन दारात ढकललं.

"आधी तू."