घोडीच्या कागदांमागे, वसईत

शनिवारी पहाटे नाशिकच्या स्थानकातून वसईची एसटी धरली तेव्हा माझ्याजवळ एका घोडीचे फोटो, तिच्या मानेतल्या चिपचा क्रमांक आणि एका माणसाचा अर्धवट पत्ता होता. सोमवारपर्यंत मला एक सही मिळवायची होती. कुणाची, ते माहीत नव्हतं.

घोडी माझ्या धाकट्या बहिणीची, शुभदाची. नाशिकबाहेर तिची थोडी शेती आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ही घोडी वसईच्या इकबालभाईंकडून विकत घेतली. ते लग्नाला घोडे देतात. कागद मिळाले नाहीत, शुभदाने मागितलेही नाहीत. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातला एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ही माझी चोरीला गेलेली काठेवाडी घोडी. त्याच्याकडे एक फोटो होता. तोच कुमैत रंग (तांबूस अंग, काळी आयाळ), कपाळावर तसाच पांढरा पट्टा. फोटो उजव्या बाजूने काढलेला. शुभदाच्या घोडीची ठळक खूण म्हणजे डाव्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा, आणि ती बाजू फोटोत नव्हती.

पोलीस ठाण्यातले अधिकारी समजूतदार होते. घोडी कुठून आली याचा कागद सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर निकाल लागेपर्यंत ती पांजरपोळात ठेवावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. पांजरपोळ लांब, रस्ता घाटाचा, आणि घोडी गाभण, दहावा महिना संपत आलेला. आता तिला ट्रकात चढवलं तर पोटातलं जाईल आणि कदाचित तीही, असं डॉक्टरांचं मत होतं. चिपही त्यांनाच सापडली. तक्रारदाराला तिच्याबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, चिप कुणीही मागाहून बसवतो.

जातिवंत घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला मी फोन केला. तिथल्या बाईंनी क्रमांक तपासला.

"नोंद आमच्याकडची आहे. मालकाचं नाव सांगता येणार नाही. त्यांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र पाठवा, दाखल्याची दुसरी प्रत देऊ."

"मालक कोण ते कळल्याशिवाय पत्र कसं आणू?"

"ते तुम्ही बघायचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घाट उतरताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. समजा खरा मालक सापडला आणि घोडी खरंच त्याच्याकडून चोरीला गेलेली असली, तर? मग बहिणीच्या दारातली घोडी मीच शोधून काढलेल्या माणसाच्या हवाली करायची वेळ येणार होती.

वसई फाट्यावर उतरून रिक्षाने सातिवलीला गेलो. पत्र्याच्या शेड, गोदामं, प्लास्टिक तापवल्याचा वास. एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून इकबालभाईंचा तबेला आहे. यंत्रांचा खडखडाट चालू होता आणि तीन पांढरे घोडे त्याकडे लक्ष न देता चारा खात होते. इकबालभाई साठीचे, मेंदी लावलेली दाढी, हातात खरारा (घोड्याचं अंग घासायचा ब्रश). मी ओळख सांगितली.

"अरे, नाशिकवाली मॅडमचे भाऊ! घोडी मेली की काय?"

"नाही. गाभण आहे."

"मग पेढे आणायचे ना! हे फाईल घेऊन कसले आलात?"

त्यांनी चहा आणि भजी-पाव मागवला. मी फोटो दाखवले. फोटोतल्या तोंडावर बोट ठेवून ते म्हणाले, "काठेवाडी कोण बोलला? काठेवाडीचं तोंड आखूड, कपाळ फुगीर. ही बघा, नाक सरळ, उंची बघा. मारवाडी आहे, एकदम असली. फक्त एक ऐब. आंसूढाळ."

डोळ्याखालच्या भोवऱ्याला घोडेवाले आंसूढाळ म्हणतात. जिथे अश्रू ओघळतो तिथे भोवरा. असा घोडा ज्या दारात उभा राहील त्या घरात रडणं येतं, असं मानतात. इकबालभाई ते मानत नव्हते, गिऱ्हाईक मानत होतं. म्हणून ते वरातीत घोडीच्या डोळ्यांवर मण्यांची जाड झालर सोडत.

"विरारला एक वरात. नवऱ्याचा आजा आला, काठीने झालर वर केली. बस! नवरदेव खाली उतरला, रिक्षात बसून मंडपात गेला. मी घोडी घेऊन मागे मागे. बँडवाले मला बघून हसतायत." ते स्वतःही हसले. "मग तुमच्या मॅडम आल्या. त्या बोलल्या, भोवरा आहे तर आहे, मलाही डोक्यात दोन आहेत."

"तुम्ही कुणाकडून घेतली?"

हसणं थांबलं. ते उठून घोड्याला खरारा करू लागले.

"ते नका विचारू साहेब."

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. माणूस कुठल्या प्रश्नावर उठतो ते लक्षात ठेवायची सवय आहे. मी सरळच विचारलं, "चोरीची होती?"

"तोंड सांभाळा." खरारा घोड्याच्या पाठीवर तसाच राहिला. "पंचवीस लोकांच्या मुलाबाळांची लग्नं माझ्या घोड्यावर झालीत या गल्लीत. ऐबवाल्या जनावराचं घर सांगत नाहीत, एवढंच. धंद्याचा कायदा आहे."

मला तो कायदा सोयीचा वाटला. चोरीचा माल लपवायला याहून चांगला कायदा कोणता? तसं मी बोललो नाही. सोमवारी घोडीचं काय होणार ते फक्त सांगितलं.

"पोटुशी घोडी ट्रकात?" त्यांनी डोक्याला हात लावला. खरारा खाली ठेवला. मग म्हणाले, "आचोळ्याला जा. सावंत, मंडप डेकोरेशनवाला. सौदा त्याने जमवला. घर त्याला माहीत. माझ्या तोंडून नको."

आचोळ्यात एकाला एक लागून इमारती आहेत. सावंतांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आठवडाभर मुंबईत नोकरी आणि सुट्टीला लग्नांचे मंडप, असं त्यांचं चालतं. त्यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं. इथे माझ्याकडून घाई झाली. बोलण्याच्या ओघात दुसऱ्याच वाक्यात मी 'पोलीस' म्हणून गेलो.

"घोडी? कसली घोडी? आम्ही त्यातले नाही हो," सावंत म्हणाले आणि दार लागलं. पुन्हा बेल वाजवली, उघडलं नाही.

खाली फाटकापाशी उभा राहिलो. शुभदाचा मेसेज आला होता: "दादा, सकाळपासून चारा कमी खातेय. त्या माणसाने ट्रक ठरवलाय म्हणे." फोन खिशात टाकला. दोन माणसांना विचारलं होतं आणि दोघेही गप्प झाले होते. माझ्या हिशेबाने आता चोरीबद्दल फारशी शंका उरली नव्हती.

तेवढ्यात सावंतांच्या पत्नी कापडी पिशवी घेऊन खाली आल्या. भाजीला निघाल्यासारख्या माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि कोपऱ्यावर थांबल्या.

"अहो, यांना बीपी आहे. पोलीस काय म्हणता एकदम? साधा हवालदार दिसला तरी हे हेल्मेट चाचपतात, पायी चालत असले तरी."

मी माफी मागितली आणि घोडीची अवस्था सांगितली.

"चोरीची नाही हो ती. त्या घरातला कर्ता माणूस गेला आजारपणात. नातेवाइकांनी भोवऱ्यावर बोट ठेवलं आणि घोडी दारातून काढली. ते कुणी बोलणार नाही. बोललं की त्या घराला बोल लागतो, पुढे त्यांच्यात सोयरीक करताना लोक विचार करतात. आमच्या कोकणातसुद्धा असंच." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "निर्मळ. राऊतांची केळीची वाडी, तळ्याच्या अलीकडे. आमचं नाव घेऊ नका, तिथली दोन लग्नं आहेत आमच्याकडे."

सकाळपासून ज्या गप्प बसण्याला मी लपवाछपवी समजत होतो, ती एका घरासाठी सगळ्यांनी पाळलेली आब होती. त्याने धीर मात्र आला नाही. जे घर सांगायला सगळे बिचकत होते, त्याच घरात जाऊन मला ते नाव कागदावर मागायचं होतं.

रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आलो आणि निर्मळची शेअर रिक्षा मिळाली. इमारती मागे पडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, अळू, फुलांचे वाफे दिसू लागले. सायकलच्या मागे केळीची पानं बांधून एक आजोबा सावकाश चालले होते. तळ्याचं पाणी हिरवट, स्थिर होतं. काठावर निर्माल्याचा ढीग होता.

राऊतांच्या ओट्यावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. ते अनंतराव, गेलेल्या माणसाचे धाकटे भाऊ. घोडी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"घोडी गेली, विषय संपला."

"तिचे कागद असतील का?"

"नाहीत. तेराव्याला दादाचा चाबूक, लगाम आणि घोडीचे कागद तळ्यात सोडले. असल्या जनावराचा कागदही घरात ठेवू नये."

तळ्याच्या काठावरचा ढीग मला आठवला. दाखल्यासाठी मी घाट उतरून आलो होतो आणि तो याच गावच्या पाण्यात विरघळून गेला होता. मी सहीबद्दल विचारलं. मालक भाऊच असतील तर ते हयात नाहीत. मग वारस, मृत्यूचा दाखला, आणि सोमवार तर हातातून गेलाच.

आतून एक बाई आल्या. साध्या सुती साडीतल्या, हाताला केळीचा चीक लागलेला. या कमलताई, दादांच्या पत्नी. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलली. ती मला समजली नाही, सूर समजला. अनंतरावांचा चढत होता, बाईंचा तेवढाच राहिला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ती माझ्या नावावर होती."

"वैनी—"

"माझ्या नावावर होती, अनंतभावजी. राजस्थानातल्या जत्रेतून आणली तेव्हा हे म्हणाले, वाडी माझ्या नावावर, घोडी तुझ्या. चिप बसवायला माणूस आला तेव्हा सही मीच केली. भोवरा तर पहिल्या दिवशीच बघितला होता आम्ही. हे म्हणाले, डोळ्याखाली भोवरा तिच्या आहे, रडायचं तर ती रडेल." त्यांनी बोटांवरचा चीक चोळला. "कागद तळ्यात सोडले तेव्हा मला कुणी विचारलं नाही."

अनंतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी फोटो पुढे केला. कमलताईंनी तो पदराला हात पुसून घेतला.

"कान तसेच आहेत. टोकाला टोक. जुई."

शुभदाकडे ती सई होती, इकबालभाईंकडे राणी. पहिलं नाव मला आता कळलं.

मला विचारायचा धीर होईना, तरी विचारलं. "तुम्हाला ती परत हवी आहे का?"

"कुठे बांधू?" त्यांनी अनंतरावांकडे पाहिलं. "पोट खाली उतरलंय तिचं, दिवस भरत आलेत. आता हलवू नका तिला. कुठे सही करू?"

"इथे नको," अनंतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती होती. "वैनी, घरात लगीन ठरतंय. उंबऱ्यात नको, ओट्यावर नको. तुझ्या पाया पडतो."

वाद होईल असं मला वाटलं. झाला नाही. कमलताईंनी चपला घातल्या, विहिरीवरून, केळीच्या ओळीमधून चालत फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कागद टेकवायला तिथे काही नव्हतं. अनंतरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, उठले, अंगणातली आपली स्कूटर ढकलत फाटकाबाहेर नेली आणि स्टँडवर लावली. रुमालाने सीटवरची धूळही पुसली.

त्या सीटवर पत्र लिहिलं गेलं. कमलताईंनी सही केली, खाली स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. पत्राचे आणि ओळखपत्राचे फोटो काढून मी ते तिथूनच संस्थेला पाठवले. पेन परत देताना त्या म्हणाल्या, "हे घेऊन जा. इथे ठेवू नका." मी पेन खिशात टाकलं.

निघताना अनंतरावांनीच हाक मारली आणि सुकेळीची (उन्हात वाळवलेली राजेळी केळी, पानात गुंडाळलेली) पुडी हातात दिली. "बहिणीला द्या. घोडीला देऊ नका," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडं हसले.

रिक्षा येईपर्यंत कमलताई फाटकाबाहेरच थांबल्या. "शिंगरू झालं की कळवा. फोन करा. घरात असेन, पण तुम्ही करा."

परतीच्या एसटीत सुकेळी खाल्ली. घट्ट, गोड, चिवट, बराच वेळ चघळावी लागते. झोप लागली नाही. पत्र पोचलं होतं, पण संस्थेचं उत्तर नव्हतं. रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी ट्रक शुभदाच्या बांधावर येऊन उभा होता आणि ती गोठ्याच्या दारात आडवी उभी होती, तेव्हा फोनवर दाखला आला: मादी, मारवाडी, कुमैत, डाव्या डोळ्याखाली भोवरा, मालकाचं नाव कमल राऊत. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. तक्रारदाराने पहिल्यांदाच घोडीच्या डावीकडे जाऊन भोवरा पाहिला आणि मान हलवली. त्याच्या घोडीला तो नव्हता. तो खोटा माणूस नव्हता. त्याची घोडी अजून सापडायची होती, आणि ट्रक रिकामा परत नेताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

बातमीदाराला वाटतं, माणसं गप्प बसतात ती काही लपवण्यासाठी. वसईत एका दिवसात तीन दारांवर मला गप्प माणसं भेटली. प्रत्येकाने एकाच घरासाठी तोंड मिटलं होतं, आणि त्या तोंड मिटण्याने एक घोडी जवळजवळ ट्रकात चढली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पुढे काही आठवड्यांनी शुभदाने सकाळी फोन केला. शिंगरू उभं राहिलं होतं, पीत होतं. मी लगेच निर्मळला फोन लावला.

"कमलताई, मी नाशिकहून—"

"थांबा."

चपला घातल्याचा आवाज आला. मग पाचोळ्यावरची पावलं, विहिरीच्या पंपाची घरघर, फाटकाची कडी. एक स्कूटर जवळून गेली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता सांगा."