एका श्वासाची ओळ

बाबांनी डिचोलीच्या खाणींवर वर्षानुवर्षं ट्रक चालवला. आता दम लागतो म्हणून घरीच असतात. रविवारी संध्याकाळी त्यांना गायचं असतं. मी चारचौघांत गाणारी नाही, पण लॅपटॉपवरच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या गाण्यांच्या मिडी फाइल्स लावून देते. त्यांत प्रत्येक वाद्य वेगळं असतं, आणि गायकाची चाल बासरीवर वाजते. ती बासरी मी बंद करते. ती जागा बाबांची.

त्यांचा श्वास अपुरा पडू लागला तेव्हा मी गाणं संथ केलं. ते चुकलं. ओळ लांबली आणि ते मध्येच खोकू लागले. मग मी वेग किंचित वाढवला, ओळ एका श्वासात बसावी इतकाच. त्यांना सांगितलं नाही. त्यानंतर मी वेग अधूनमधून वाढवतच गेले.

गेल्या रविवारी बाबा गात असताना आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, बस चुकतली काय तुमची?"

बाबा हसले, हसता हसता खोकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"बाय, किती पळवलंस गो गाणं?"

मी लॅपटॉप वळवून वेगाचा आकडा त्यांना दाखवला.

"होतं तसंच लाव. आणि ती बासरी चालू ठेव."

मी लावलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत नव्हते. पहिली ओळ संपता संपेना. ती मुळात एवढी लांब होती, आणि बाबा ती एका श्वासात म्हणायचे.