घूं थांबली ती सकाळ

ऑफिसात तिला सगळे 'कानवाली' म्हणत. गावाबाहेरच्या टेकडीवर हेडफोन लावून बसायचं आणि पृथ्वीभोवतीच्या अवकाशातल्या नैसर्गिक रेडिओ लहरी ऐकायच्या, हे तिचं काम. विजांच्या लांबलचक शिट्ट्या, पहाटे पाखरांसारखा किलबिलाट. पण सगळ्याच्या बुडाशी वीजवाहिन्यांची घूं असायचीच. ही घूं थेट वर पोचते आणि तिथल्या लहरींनाही डिवचते, म्हणून मध्येच चढे सूर उसळतात, असा तिच्या संशोधन केंद्रातल्या मॅडमचा कयास होता.

नवरा वीजपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये.

"तुमची घूं जरा कमी करा की!"

"करतो. मग मिक्सर हातानं फिरव."

एका सकाळी घूं तुटली. तिला वाटलं, वायर निसटली. पण यंत्रं बॅटरीवर नीट चालू होती. किलबिलाट स्वच्छ येत होता. एरवी त्यात मध्येच उसळणारे ते चढे सूर मात्र गायब. तिच्या अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, सगळ्या भागातली वीज गेलीय आणि ड्यूटीवर तो आहे. फोन लावला, उचलेना. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

मॅडमचा फोन आला. "रेकॉर्डिंग चालू ठेव हं! जागची हलू नकोस."

दुपारी वीज आली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फोनवर ओरडून ओरडून घसा पार बसलेला. चौकशी लागली होती. ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

"काय झालंय तुला?"

"आज फार छान ऐकू आलं रे."

"आमची वाट लागली तेव्हा?"

"हो."

तो ताटावरून उठला.

चौकशीत दोष यंत्राचा निघाला, तरी त्याला कंट्रोल रूममधून हलवलंच. पुढे एका रविवारी तो आपणहून टेकडीवर आला. ते रेकॉर्डिंग त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलंय," हेडफोन काढत तो म्हणाला. "पण मला त्यात माझंच ओरडणं ऐकू येतं. पुन्हा नको लावूस."

दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग तपासून मॅडम खुशीत होत्या. "एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही गं. असं आणखी एकदा मिळायला हवं."

"हो ना," ती पटकन बोलून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, आणि दिवसभर तिचा कामात जीव लागला नाही.